दुष्फेन पाण्याचा धडा



संकोच बाजूला ठेवून सांगते. मँचेस्टरमध्ये मला नावाने ओळखणारा एकच पब होता. तो बंद पडला. तिथली लिंबू-संत्र्याच्या वासाची, फिकट रंगाची कडवट बिअर मी घरीच करायचं ठरवलं. इंग्लंडमध्ये घरच्यापुरती करायला १९६३पासून परवाना लागत नाही. माल्ट, सिट्रा हॉप्स, यीस्ट सगळं नीट. तरी तीनदा चव मिळमिळीत. मग बाईंचा सुफेन-दुष्फेन पाण्याचा धडा आठवला. मँचेस्टरचं पाणी डोंगरातल्या तलावांचं, सुफेन. थोडं जिप्सम घातलं. सल्फेटने हॉप्सचा कडवटपणा खुलला आणि ती चव परत आली. नगरच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आई वैतागायची. तसलाच क्षार मी तिथे विकत घेतला!

बाई, मागच्या बाकापर्यंतही तुमचं शिकवणं पोचत होतं.