वतन आणि मनसब : लखुजीराव जाधवांचे घराणे
(हिवरा आश्रम येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विवेकानंदांच्या नावाने चालणाऱ्या या आश्रमाच्या अंगणात, आणि तेही जिजाऊसाहेबांच्या जन्माने पुनीत झालेल्या जिल्ह्यात, दोघांच्याही जयंतीच्या १२ जानेवारीचे माहात्म्य मी सांगावे अशी आवश्यकता नाही. त्या दिवशी सिंदखेडराजाला जी यात्रा लोटते ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. मात्र वाड्याच्या भव्य दरवाजातून आत जाऊन जन्मस्थानापुढे मस्तक टेकवणाऱ्या त्या सहस्रावधी लोकांतील किती जण जिजाऊंचे पिते लखुजीराव जाधव यांच्या समाधीपर्यंत चालत जातात, हा प्रश्न मला दीर्घकाळ अस्वस्थ करीत आला आहे. आणि ज्यांना त्यांचे नाव ठाऊक आहे त्यांतील पुष्कळ जण त्यांना ‘आज निजामशाहीत, उद्या मोगलाईत’ अशा चंचल सरदारांच्या यादीत बसवून मोकळे होतात, याचे मला त्याहून अधिक दुःख आहे. लखुजीराव फितूर नव्हते, हे सांगण्यासाठीच मी आज येथे उभा आहे.

देवगिरीच्या यादवांशी या कुळाचे नाते, अहमदनगरच्या निजामशाहीचा उत्कर्ष, मलिक अंबरची कर्तबगारी हे सारे आपणांस विदित आहे, म्हणून त्यात मी शिरत नाही. रंगपंचमीच्या दिवशी बाल जिजाऊ आणि बाल शहाजी यांनी एकमेकांवर रंग उधळल्याची गोष्टही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, तीही सोडतो. (श्रोत्यांतून : ‘सांगा, सांगा!’) नाही; ती गोष्ट आपणच मला माझ्यापेक्षा रंगवून सांगाल.

मुद्दा असा, की त्या काळच्या मराठा सरदाराच्या पेटीत दोन प्रकारचे कागद असत. एक वतनाचा. सिंदखेडची देशमुखी म्हणजे परगण्याची लावणी करणे, उजाड गाव वसवणे, वसुलास हातभार लावणे, तंटे तोडणे, आणि त्याबद्दल हक्क-लाजिमे व मानपान भोगणे; हे सारे वंशपरंपरेचे. तख्तावरचा धनी बदलला तरी नवा धनी बहुधा जुन्याच वतनदाराच्या नावे नवे फर्मान देई, कारण रयत ओळखणारा माणूस त्याला दुसरा मिळत नसे. दुसरा कागद मनसबीचा. इतके स्वार ठेवावेत, इतकी जात, म्हणजे व्यक्तिगत दर्जा, भोगावी, बोलावणे येताच हजर व्हावे; आणि धन्याची मर्जी फिरली की त्याच कागदावर शाई ओतली जाई. वतन हे मुळाप्रमाणे जमिनीत रुजलेले असे. मनसब ही पानाप्रमाणे ऋतू पाहून येई आणि जाई. ज्याने पान गळू दिले पण मूळ सोडले नाही त्याला आपण बेइमान कोणत्या न्यायाने ठरवतो?

१६२० नंतर लखुजीराव मोगलांकडे गेले. शहाजहानच्या दरबारी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, की त्यांच्या साऱ्या कुटुंबकबिल्याची मिळून मनसब चोवीस हजारांची व पंधरा हजार स्वारांची होती. १६२४ साली भातवडीच्या रणात सासरे मोगलांच्या फौजेत आणि जामात शहाजीराजे निजामशाहीच्या, असे चित्र दिसले. तथापि या दोन घरांतील अंतर त्याआधीच पडले होते असे बखरी सांगतात, आणि त्यासाठी खंडागळ्यांच्या हत्तीची कथा सांगावीच लागेल.

दौलताबादेस दरबार उठला, सरदार आपापल्या लवाजम्यासह बाहेर पडले, आणि खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला. वाट अरुंद, गर्दी दाट. माणसे तुडवली जाऊ लागली. लखुजीरावांचे ज्येष्ठ पुत्र दत्ताजी त्या हत्तीवर तुटून पडले. इकडे शहाजीराजांचे चुलते विठोजीराजे भोसले यांचे पुत्र संभाजी व खेळोजी खंडागळ्यांच्या बाजूने धावले. जनावराचे निमित्त बाजूला राहिले आणि माणसामाणसांत तलवार चालली. दत्ताजी संभाजीराजांच्या हातून पडले. लखुजीराव पुढे निघून गेले होते; वार्ता कळताच माघारी वळले. वाटेत जावई आडवे आले, त्यांच्या दंडावर वार बसून ते मूर्च्छित झाले. आणि संभाजीराजे लखुजीरावांच्या सूडास बळी पडले. (शांतता.) मघाशी हत्तीचे नाव निघताच सभागृहात हशा पिकला होता, यावरून येथे जाधवांचे आणि भोसल्यांचे सोयरे सारख्याच संख्येने बसले असावेत, असा माझा तर्क आहे. (हशा.) परंतु जिजाऊंचा विचार करा : भाऊ गेला, दीर गेला, पती घायाळ, आणि घाव घालणारा हात पित्याचा. ही कथा मी योजलेल्यापेक्षा लांबली खरी. पण ती ऐकल्यावाचून पुढचा घाव समजत नाही.

लखुजीराव पुढे पुन्हा निजामशाहीत आले. २५ जुलै १६२९, श्रावणी पौर्णिमा. दुसऱ्या मुर्तजा निजामशहाच्या मुजऱ्यास ते दौलताबादेत गेले असता मारेकरी घालून त्यांची हत्या करण्यात आली. पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव त्यांच्यासमवेत पडले. राखीच्या दिवशी जिजाऊंचे दोन भाऊ गेले, आणि त्यानंतर सात महिन्यांच्या आतच शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

दरबाराने सबळ सरदार असा मारावा, हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. दूर स्कॉटलंडात डग्लस नावाचे असेच एक बलाढ्य घराणे होते. १४४० साली एडिंबरोच्या किल्ल्यात त्या घराण्याचा तरुण अर्ल विल्यम आणि त्याचा भाऊ डेव्हिड यांना आमंत्रण देऊन बोलावले व ठार केले; तेव्हा राजा दुसरा जेम्स अवघा दहा वर्षांचा होता. तोच जेम्स मोठा झाल्यावर, १४५२ साली, अभयपत्र देऊन स्टर्लिंगच्या गडावर आणलेल्या दुसऱ्या डग्लस अर्लला त्याने स्वतःच्या हाताने सुरा मारला. तेथील पार्लमेंटने राजास निर्दोष ठरवले, आणि तीनच वर्षांत त्या घराण्याचे सामर्थ्य मोडून त्याच्या जमिनी तख्तास जोडल्या गेल्या. येथे काय झाले? लखुजीरावांच्या विधवा म्हाळसाबाई, ज्यांना काही ग्रंथांत गिरिजाबाई म्हटले आहे, दीर जगदेवराव व पुत्र बहादुरजी यांच्यासह दौलताबादेतून निसटून सिंदखेडास आल्या आणि मोगलांच्या आश्रयाने त्यांनी घर राखले. शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. तो मुर्तजा स्वतः आपल्या वजिराच्या, फत्तेखानाच्या, हातून मेला. १६३३ साली दौलताबाद पडले. १६३६ साली निजामशाहीचे नावही उरले नाही. तेथे घराणे बुडाले आणि राज्य तगले. येथे राज्य बुडाले आणि घराणे तगले, कारण त्या घराण्याचे बळ तख्तापाशी गहाण नव्हते, ते सिंदखेडच्या मातीत होते.

एका गृहस्थांनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘शिवराज्य झाल्यावरही सिंदखेडचे जाधव मोगलांकडेच राहिले, धनाजींचे पुत्र चंद्रसेन निजामाकडे गेले आणि १७५७ साली पेशव्यांच्या फौजेने चंद्रसेनांच्याच पुत्रास, रामचंद्र जाधवांस, सिंदखेडास कोंडले, त्याचे काय?’ प्रश्न रास्त आहे, आणि मी तो टाळत नाही. वतनाची निष्ठा ही माझ्या मते त्या घराण्याची शक्ती होती तशीच त्याची सीमाही होती. तिने घर वाचवले, राज्य घडवले नाही. राज्य घडवण्यास वतनापलीकडे पाहणारी दृष्टी हवी होती. आणि ज्या कन्येने पित्याचा व बंधूंचा अंत सोसला, तिच्याच घरात ती दृष्टी जन्मली. ज्या धनाजींची वंशावळ अचलोजींकडे नेतात, तेच स्वराज्याचे सेनापती झाले, हेही त्या गृहस्थांनी आपल्या चिठ्ठीत जोडून घ्यावे. (टाळ्या.)

अध्यक्षांनी घंटा वाजवली. मोती तलाव, पुतळा बारव आणि देऊळगावराजाची शाखा यांविषयी बोलावयाचे राहून गेले. म्हणून एवढेच मागतो. पुढच्या वेळी सिंदखेडास जाल तेव्हा त्या चौरस, घुमटाच्या, दगडविटांच्या समाधीतही जा. आणि या मेहकर-सिंदखेडच्या पट्ट्यात ज्यांच्या घरी जुन्या देशमुखी-देशपांडेपणाचे महजर, सनदा, मोडीतील निवाडे अजून फडक्यात बांधून ठेवलेले असतील, त्यांनी ते वाळवीच्या स्वाधीन न करता वाचणाऱ्याच्या हाती द्यावेत. लखुजीरावांवरील फितुरीचा शिक्का व्याख्यानांनी पुसला जाणार नाही. तो त्या कागदांनीच पुसला जाईल.