जात्यावर घडलेली गाणी

गाणं आधी घरात घडतं, मग कागदावर येतं. बहिणाबाई चौधरींचंच पाहा. जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. अक्षरओळख नव्हती. पण जात्याची घरघर होती, चुलीची धग होती. तरुणपणीच वैधव्य आलं. हे सारं ओव्यांत उतरलं.

कुणी म्हणेल, दळण तर घरोघरी होतं. मग सगळ्याच कवयित्री का झाल्या नाहीत? बरोबर आहे. प्रतिभा उपजतच असते. पण ती काय बोलेल, कोणत्या लयीत बोलेल, हे जगणं ठरवतं. म्हणूनच म्हणते, गाणं आधी घरात घडतं.

आणि ते टिकतंही घरामुळेच. मुलाने, कवी सोपानदेवांनी, त्या ओव्या जपल्या. १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. श्रोतेहो, आपल्या घरातल्या ओव्याही आजच उतरवून घ्या.