चौरस्त्यावरील प्रश्न

उज्जैन ही विक्रम-वेताळाची नगरी. मध्यरात्र, स्मशान आणि उत्तर मागणारा प्रश्न, हे टावर चौकातील कोणाही मराठी गृहस्थास नवे नाही. अशीच एक आख्यायिका अमेरिकेतील मिसिसिपी प्रांतात रॉबर्ट जॉन्सन या कृष्णवर्णीय ब्लूज-गायकाभोवती गुंफली गेली. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून त्याने गिटारची विद्या मिळविली, असे लोक म्हणत. वस्तुतः ती त्याने आइक झिमरमन या वादकाजवळ, रात्री कबरस्तानात बसून, परिश्रमाने संपादन केली.

१९३६ व १९३७ साली त्याची २९ गीते ध्वनिमुद्रित झाली. १९३८ मध्ये, अवघा २७ वर्षांचा असताना, तो निवर्तला. त्याच्या मृत्यूचा दाखला १९६८ साली एका संशोधकास सापडला. कारणाच्या रकान्यात एवढेच होते: ‘डॉक्टर नाही’.

रहस्यकथेस वाव मिळतो तो येथे. एस अ‍ॅटकिन्स यांच्या ‘क्रॉसरोड ब्लूज’ (१९९८) या कादंबरीत ब्लूजचा एक इतिहासकार जॉन्सनच्या हरवलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या मागावर निघतो. त्या ध्वनिमुद्रिका कल्पित. दाखल्यातील रिकामी जागा मात्र खरी. गरीब गायकाच्या अखेरीस वैद्य का नव्हता, याचे उत्तर सैतानाच्या कथेत नाही. ते त्या काळच्या समाजाजवळ होते. आणि उत्तर जाणूनही मौन धरणाऱ्यास वेताळ क्षमा करीत नाही.