पांच उदाहरणें



चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लक्ष, सदुसष्ट हजार, दोनशें सत्त्याण्णव. ही संख्या कृपा करून कागदावर टिपून घ्यावी. केवळ ऐकून ती ध्यानांत राहणें कठीण. दोन हा अंक बत्तीस वेळां मांडून गुणाकार केला आणि त्यांत एक मिळविला, कीं ती तयार होते.

पियेर द फर्मा हा फ्रान्समधील तुलूझचा न्यायाधीश. गणित हा त्याचा फावल्या वेळचा नाद. त्यानें दोनाचे पहिला, दुसरा, चौथा, आठवा व सोळावा असे घात घेऊन प्रत्येकांत एक मिळविला. ३, ५, १७, २५७, ६५५३७. पांचही मूळ संख्या निघाल्या. म्हणजे एक व स्वतः यांखेरीज कशानेंही निःशेष भाग न जाणाऱ्या. ही मालिका अखेरपर्यंत अशीच चालेल, असा विश्वास त्यानें १६४० सालीं पत्रांतून व्यक्त केला. सिद्धता आपणांजवळ नाहीं, हें मात्र त्यानें प्रांजळपणें कबूल केलें.

१७३२ सालीं ऑयलरनें दाखवून दिलें, कीं बत्तिसाव्या घाताच्या आपल्या संख्येस ६४१ नें भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. मौज अशी, कीं त्या अवाढव्य संख्येस हातही न लावतां हें पडताळतां येतें. ६४१ म्हणजे पांच गुणिले १२८, अधिक एक. अर्थात् पांच गुणिले १२८ यांस ६४१ चा भाग पुरा जाण्यास एक कमी पडतो. त्यांचा चौथा घात घेतल्यास बाकी एक उरते. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. पण ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ देखील; म्हणून ६२५ च्या जागीं उणे १६ घेतले तरी बाकी बदलत नाहीं. सोळा हा दोनाचा चौथा घात. अठ्ठावीस आणि चार बत्तीस. म्हणजे उणे बत्तिसाव्या घाताची बाकी एक, आणि त्या घातांत एक मिळविला कीं बाकी शून्य!

या मालिकेंत सहावी मूळ संख्या आजतागायत संगणकांनाही सांपडलेली नाहीं.

आतां स्वतःची एक गोष्ट सांगतों. विषम संख्यांची क्रमानें बेरीज केली कीं वर्ग येतो, हें मीं एकदां पांच उदाहरणांनीं दाखवून फळ्यावर ‘सिद्ध झालें’ असें लिहिलें. मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, “गुरुजी, सहाव्या वेळीं चुकलें तर?” मीं सहावें उदाहरण करून दाखविलें. “आणि सातव्या वेळीं?” मीं त्यास खालीं बसविलें, वर्ग हंसला, तो मीं हंसूं दिला. नियम खरा होता, पण मीं दिलेलें कारण खोटें होतें. कांहीं वर्षांनीं या संख्येची हकीकत वाचनांत आली, तेव्हां तो मुलगा आठवला. तो शाळा सोडून गेला होता.

पुढच्या वर्गास मीं चिंचोके आणावयास सांगितलें. तीन रांगांत तीन-तीन मांडले. दोन बाजूंस तीन-तीन लावले, कोपऱ्यांत एक ठेवला. सात वाढले, चाराचा चौरस झाला. चौरस कितीही मोठा असो, दोन बाजू व एक कोपरा. दर खेपेस पुढचीच विषम संख्या.