गरजेपुरतंच विचारा

स्नातकांनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्याइतकंच तुमच्या आईवडिलांचंही. या मंडपात अशी कितीतरी घरं बसली आहेत, जिथे पदवीचा हा कागद पहिल्यांदाच येणार आहे. त्या प्रत्येक घराला माझा नमस्कार.

या पदवीसोबत तुम्हाला एक अधिकार मिळतो आहे. प्रमाणपत्रावर त्याचा उल्लेख नाही. उद्यापासून अनोळखी माणसं स्वतःबद्दलची माहिती तुमच्या स्वाधीन करतील. डॉक्टरांसमोर रुग्ण घरात कुणालाही न सांगितलेलं बोलेल. वकिलाकडे पक्षकार आपली सगळी कागदपत्रं ठेवून जाईल. बँकेत बसणाऱ्याला लोकांची कर्जं कळतील, शाळेत शिकवणाऱ्याला मुलांच्या घरची परिस्थिती. आणि संगणकाच्या क्षेत्रात जाणाऱ्यांच्या हाती तर अशा लाखो माणसांचं जगणं येईल, ज्यांची तोंडं ते कधी पाहणारही नाहीत. दूरसंचाराच्या क्षेत्रात माझं आयुष्य गेलं. त्या अनुभवातून एकच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे: दुसऱ्याची माहिती गरजेपुरतीच मागा, गरजेपुरतीच ठेवा आणि काम झालं की पुसून टाका.

हे एवढ्या आग्रहाने का सांगतो, ते आधी समजून घेऊ.

तुमच्या खिशातला फोन चालू असेल तर तो जवळच्या मोबाइल मनोऱ्याच्या संपर्कात असतो. ते टाळता येत नाही. तुम्ही कोणत्या भागात आहात हे नेटवर्कला कळल्याशिवाय तुमचा फोन वाजणारच नाही. पण फोनमध्ये त्याशिवाय जीपीएस आहे, भोवतालची वायफाय नेटवर्क ओळखणारी यंत्रणा आहे, ब्लूटूथ आहे, हालचाल टिपणारे सेन्सर आहेत. शिवाय जाहिरातींसाठी दिलेला एक ओळखक्रमांक आहे. वेगवेगळ्या ॲपमधला तुमचा वावर त्या क्रमांकामुळे एकाच माणसाच्या खात्यावर जमा होतो. फुकट मिळणाऱ्या बहुतेक ॲपमध्ये जाहिरात कंपन्यांनी तयार करून दिलेला कोड, म्हणजे एसडीके, बसवलेला असतो. ॲप उघडताच जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत तो संपतो, पण तेवढ्यात तुमच्या फोनची माहिती, पुष्कळदा ठिकाणासकट, बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांपर्यंत पोचते. लिलाव एक कंपनी जिंकते, माहिती मात्र सगळ्यांना मिळते.

यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं: माहितीतून नाव काढून टाकलं आहे, काळजी नको. हे उत्तर तपासून पाहिलं गेलं आहे. इव्ह-अलेक्झांडर द मॉन्जॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नोंदींत नावं नव्हती. तरीही माणूस कधी आणि कुठे होता याचे केवळ चार बिंदू हाती असले, तर ९५ टक्के लोक त्या गर्दीत वेगळे ओळखू येत होते. कारण सोपं आहे. फोन रात्री कोणत्या इमारतीत मुक्कामाला असतो आणि दिवसा कोणत्या कचेरीत, ही जोडी तुमच्याशिवाय सहसा कुणाचीच नसते.

घरात आलेली उपकरणंही याच वाटेने जातात. विझिओ ही टीव्ही बनवणारी अमेरिकी कंपनी. पडद्यावर काय चाललं आहे याची सेकंदासेकंदाची नोंद तिने सुमारे १ कोटी १० लाख टीव्ही संचांतून गोळा केली, आणि ते प्रेक्षकांना नीट सांगितलंही नाही. २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर भरून हे प्रकरण मिटवावं लागलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या कंपनीवर आरोप ठेवला की ग्राहकांच्या घरातल्या कॅमेऱ्यांचं खासगी चित्रण तिचे कर्मचारी आणि कंत्राटदार पाहू शकत होते. सुरक्षेसाठी बसवलेल्या कॅमेऱ्यानेच घर उघडं पाडलं.

आता आपल्याकडचं पाहू. करोनाच्या काळात झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचं पेव फुटलं. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत अशी सुमारे १,१०० ॲप आढळली. त्यांतली ६०० च्या आसपास बेकायदेशीर होती. रोजगार गेलेला तरुण आठवड्याभरासाठी चार-पाच हजार रुपये उचलायचा. पैसे देण्याआधी ॲप परवानगी मागायचं: फोनमधले सगळे संपर्क, सगळे फोटो. घर भाड्याने देणारा मालकही भाडेकरूकडे कपाटाच्या किल्ल्या मागत नाही. या ॲपनी त्या पहिल्याच दिवशी मागितल्या. हप्ता चुकला की विद्रूप केलेले फोटो बहिणीला, वरिष्ठांना, सासरच्या माणसांना जायचे. या छळाला कंटाळून अनेकांनी जीव दिला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलं आहे.

या प्रकारातली एक बाब नीट पाहा. त्या संपर्कयादीतल्या शेकडो माणसांनी कर्ज घेतलं नव्हतं, ॲप उतरवून घेतलं नव्हतं, कुठल्याही अटींवर ‘मान्य’ म्हटलं नव्हतं. तरी त्यांचे क्रमांक गेले. खासगीपण ही एकेकट्या माणसाची बाब नाही. आपण एक बटण दाबतो तेव्हा आपल्यासोबत आपल्या गोतावळ्याचीही माहिती देऊन टाकतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की कर्ज देणाऱ्या ॲपनी संपर्कयादी, फोटो, कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी गूगलनेही आपल्या ॲपबाजारात तसंच बंधन घातलं. चांगलं झालं. पण मला अस्वस्थ करणारा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. संपर्कयादी मागणारी ती ओळ कुणीतरी लिहिली होती. ती लिहिणारा कुठल्यातरी महाविद्यालयात शिकला होता. कदाचित त्याच्याही पदवीदानाला आईवडील असेच नवे कपडे घालून आले असतील. कर्ज फेडण्याशी फोटोंचा काय संबंध, असं ते ॲप बनवणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही, किंवा विचारणारा नंतर गप्प बसला. तो प्रश्न उद्या तुम्ही विचारावा म्हणून मी इथे उभा आहे.

पाळतीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही सांगायला हवं. नागपूर, नवी मुंबई, चंडीगड अशा शहरांत महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस असलेली घड्याळं बांधली. कोण कुठे आहे आणि किती वेळ थांबला आहे, हे नियंत्रण कक्षात दिसू लागलं. चंडीगडच्या कामगारांनी याविरुद्ध आंदोलनं केली. स्वच्छतागृहात जातानाही हे यंत्र अंगावर असतं, ही धास्ती महिला कामगारांनी बोलून दाखवली. हजेरी नियमित व्हावी हा हेतू गैर नाही. पण हजेरीला दिवसातून दोन नोंदी पुरतात. पहाटे शहर झाडणाऱ्या बाईच्या प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवायचा आणि तिला आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचं मनगट मोकळं सोडायचं, याला शिस्त म्हणता येत नाही. कुठलीही पाळत योग्य की अयोग्य हे ठरवताना इथूनच सुरुवात करा: ती ठरवणारा माणूस स्वतः तिच्याखाली राहायला तयार आहे का?

पाळतीच्या या प्रश्नाशी आपल्या न्यायव्यवस्थेने दीर्घ झुंज दिली आहे. उत्तर प्रदेशातला खरक सिंग दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला होता. तरी पोलिस रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावायचे, त्याच्या जाण्यायेण्याची टिपणं ठेवायचे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. उरलेली पाळत मात्र बहुमताने चालू दिली, कारण खासगीपणाचा हक्क घटनेत दिलेला नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळा निकाल लिहिला: ज्याच्या हालचालींवर नजर आहे, तो मोकळेपणाने फिरतो असं म्हणता येणार नाही. ते मत देशाचा कायदा व्हायला ५५ वर्षं लागली. कर्नाटकचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमुखाने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्या पीठात नागपूरचे शरद बोबडे होते आणि धनंजय चंद्रचूड होते. आणीबाणीत जगण्याचा हक्कही स्थगित होऊ शकतो, असं म्हणणाऱ्या १९७६ च्या निकालात धनंजय चंद्रचूड यांचे वडील, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड, बहुमतात होते. मुलाने तो निकाल याच निकालपत्रात चुकीचा ठरवला. हक्कांचा प्रश्न येतो तेव्हा नात्याची भीडही बाजूला ठेवावी लागते, हे या घटनेने दाखवून दिलं.

त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद त्यात आहे. १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई करणारं कलमही आहे. हे मी चांगलं मानतो. पण सरकारी यंत्रणांना या कायद्यातून मोठी सूट मिळू शकते आणि ती मला मान्य नाही. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीचं कलमही बदललं; सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देण्याची जी वाट त्या कलमात होती, ती तिथून काढली. लोकशाहीत नागरिकाला खासगीपण हवं आणि सत्तेचा कारभार उघडा हवा. यातली अदलाबदल होऊ लागली तर सुशिक्षितांनी बोललं पाहिजे. बोलल्याने फरक पडतो. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये एक सरकारी ॲप आधीच बसवून देण्याचा आदेश निघाला होता. देशभरातून आक्षेप आले आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हे वाक्य तुम्ही पुष्कळदा ऐकाल. ते सहसा सुरक्षित माणसाचं वाक्य असतं. क्षयाचे उपचार चालू असलेला कामगार, मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून दूर राहणारी बाई, जातीबाहेर लग्न करणारं जोडपं, अधिकाऱ्याचा भ्रष्टाचार उघड करणारा कारकून: यांच्यापैकी कुणीही गुन्हा केलेला नाही आणि यांच्यापैकी प्रत्येकाला आपला ठावठिकाणा झाकून ठेवण्याची गरज आहे. ज्याला आज गरज नाही त्यानेही हा हक्क जपावा, कारण तो सगळ्यांनी मिळून जपला तरच गरजवंताला उपयोगी पडतो.

म्हणून घरी जाल तेव्हा थोडं काम करा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला मायक्रोफोन, संपर्क आणि ठिकाण दिलं आहे ते पाहा. कारण नसेल तिथे बंद करा. जाहिरातीचा ओळखक्रमांक काढून टाका. आधारची प्रत द्यावी लागली तर आकडे झाकलेली प्रत द्या. दुकानात बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच सांगितलं आहे. नम्रपणे नकार द्या. घरातल्या कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदला. आईवडिलांचे फोनही शेजारी बसून असेच नीट करून द्या, त्यांना न हिणवता. आणि बहिणीच्या, बायकोच्या, मुलीच्या फोनवर प्रेमाच्या नावाखाली पाळत ठेवू नका.

पण ही खबरदारी पुरेशी नाही, कारण सामान्य माणूस प्रत्येक अट वाचू शकत नाही. खरं संरक्षण यंत्र बनवणाऱ्याच्या, अर्ज छापणाऱ्याच्या, नियम लिहिणाऱ्याच्या हातात असतं. आता ते हात तुमचे आहेत. ॲप बनवाल तेव्हा ठिकाणाची नोंद आपोआप चालू राहील असं ठेवू नका. ज्याला हवी तो चालू करेल. दवाखान्यात रुग्णाची फाइल व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. शाळेत मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय चढवू नका. कार्यालयात अर्ज तयार करायला बसाल तेव्हा प्रत्येक रकान्यापाशी थांबा आणि विचारा: हे आपल्याला कशाला हवं आहे? उत्तर मिळालं नाही तर तो रकाना काढून टाका. जी माहिती आपण घेतलीच नाही ती चोरीला जात नाही, विकली जात नाही आणि उद्याच्या एखाद्या वाईट राजवटीच्या हाती लागत नाही.

हे करताना वरिष्ठ नाराज होतील, क्वचित एखादी बढती हुकेल. तरीही विचारा. बैठकीत असा प्रश्न विचारणारा एक जण असला तर शेजारचाही बोलायला धजावतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं आहे. या विद्यापीठातून आज बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या जागी तो पहिला माणूस व्हावं, एवढंच मागणं आहे.