परीक्षानळी कोणाच्या हाती?
(वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मी इतिहास आणि मराठी शिकविणारा बी.ए., बी.एड्. शिक्षक. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तरीही आज त्या विषयाला हात घालीत आहे, याचे कारण माझ्या हातून झालेली एक चूक होय.

विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून नववीच्या प्रयोगाच्या तासाला देखरेखीसाठी मी गेलो. गट पाडले आणि सहज बोलून गेलो, "मुलांनो, तुम्ही दिवा पेटवा, परीक्षानळी धरा. मुलींनो, तुमचे अक्षर चांगले, तुम्ही नोंदवही लिहा." तास संपल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, द्रावणाचा रंग बदलला तेव्हा मी मान खाली घालून लिहीत होते. मला तो दिसलाच नाही." तिच्या वहीत निकाल अगदी बरोबर लिहिलेला होता, पण तिने तो पाहिला नव्हता!

हा विचार मनातून जाईना, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. तेव्हा कळले की, मानसशास्त्राची एक शाखाच या प्रश्नामागे लागलेली आहे. तिला स्त्रीवादी मानसशास्त्र म्हणतात. मुलींची बुद्धी निसर्गतःच कमी की आपण त्यांना कमी लेखतो, हे ती शाखा तपासून पाहते.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत भलेभले विद्वान सांगत की, पुरुषांमध्ये जन्मतःच अधिक विविधता असते आणि म्हणून थोर बुद्धिमंत पुरुषच निपजतात. लीटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1914 साली एका सहकारिणीबरोबर न्यूयॉर्कमधील 1,000 मुलगे आणि 1,000 मुली अशा नवजात बालकांची मापे तपासली. मुलग्यांमध्ये अधिक विविधता असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

मग फरक पडतो कोठे? डेव्हिड चेंबर्स या संशोधकाने प्राथमिक शाळेतील 4,807 मुलामुलींना वैज्ञानिकाचे चित्र काढावयास सांगितले. त्याचे निष्कर्ष 1983 साली प्रसिद्ध झाले. त्या हजारो चित्रांत स्त्री-वैज्ञानिक किती असाव्यात? अवघ्या 28! आणि त्या सर्वच्या सर्व मुलींनी काढलेल्या. पुढे 2018 साली अमेरिकेतील अशा 78 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. परिस्थिती सुधारल्याचे त्यात दिसले. अलीकडच्या दशकांत सरासरी शंभरातील 28 मुले स्त्री-वैज्ञानिक काढू लागली होती. मात्र मुलांचे वय वाढते तसा चित्रातील पुरुषही वाढतो, हेही आढळले. म्हणजे ही समजूत मूल जन्मताना घेऊन येत नाही, ते आपल्यात वावरून ती शिकते.

2017 साली प्रसिद्ध झालेला आणखी एक अमेरिकन अभ्यास तर मला फार लागला. पाच वर्षांच्या मुली 'फार फार हुशार' कोण, असे विचारल्यावर मुलांइतक्याच आत्मविश्वासाने आपल्या जातीकडे, म्हणजे स्त्रियांकडे बोट दाखवीत. सहा-सात वर्षांच्या मुलींत हे प्रमाण घटले. शाळेत चांगले गुण मुलींना मिळतात, हे ठाऊक असूनही घटले! मला माझे प्रगतिपुस्तकावरील शेरे आठवले. मुलासाठी : 'हुशार आहे, पण अभ्यास करीत नाही.' मुलीसाठी : 'कष्टाळू आहे.' गुण मुलीला, हुशारी मुलाला!

आता पालकांनो, एक गोष्ट विशेष लक्ष देऊन वाचा. 2012 साली अमेरिकेतील विद्यापीठांच्या 127 विज्ञान-प्राध्यापकांना प्रयोगशाळेतील एका जागेसाठी एकच अर्ज पाठविण्यात आला. काहींच्या अर्जावर 'जॉन' हे नाव होते, काहींच्या अर्जावर 'जेनिफर'. बाकी अक्षर न् अक्षर सारखे. तरीही जॉन अधिक लायक ठरला आणि त्याला पगारही जास्त देऊ केला गेला. स्त्री-प्राध्यापकांनीही तसेच केले.

नावावरून माणसाची किंमत ठरते तेव्हा काय वाटते, हे आपल्या समाजाला कोणी सांगावयास नको. भाड्याने खोली शोधताना, नोकरीचा अर्ज करताना आपल्यापैकी कित्येकांनी तो अनुभव घेतला आहे. दुसऱ्याने केलेला हा अन्याय आपल्याला झोंबतो. मग तोच न्याय आपण घरात आपल्या मुलीला लावावा काय?

इराणच्या मरियम मिर्झाखानीचे उदाहरण घ्या. तेहरानच्या शाळेत एका वर्षी तिच्या गणिताच्या शिक्षकांना तिच्यात विशेष गुण दिसला नाही. मुलीचा धीर खचला, गणितात ती मागे पडली. पुढच्या वर्षी उत्तेजन देणारे शिक्षक लाभले आणि ती सावरली. 1994 आणि 1995 साली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये तिने सुवर्णपदके मिळविली. 2014 साली गणितातील फील्ड्स पदक मिळविणारी ती जगातील पहिली स्त्री ठरली. 2017 साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी ती निवर्तली. मला राहून राहून वाटते, ते दुसरे शिक्षक भेटलेच नसते तर?

कॉलेज लांब आहे, एस.टी.ची वेळ जमत नाही, विज्ञान शाखेचा खर्च जास्त आहे, या अडचणी खऱ्या आहेत. त्या मी नाकारीत नाही. पण त्याच अडचणींतून मुलासाठी आपण वाट काढतोच ना? दहावीच्या निकालानंतर मुलीला एवढेच विचारा, "बेटी, तुला काय शिकावेसे वाटते?" आणि उत्तर ऐकण्यापूर्वी निर्णय घेऊ नका. घरातला फ्यूज गेला तर तिलाही जवळ बोलवा आणि तो कसा बसवितात ते दाखवा.

विद्यार्थिनींनो, पुढच्या तासाला नोंदवही मुलांकडे द्या आणि परीक्षानळी स्वतः मागून घ्या. सरांनी विसरून पुन्हा तसेच काही सांगितले, तर सरांना आठवण करून द्या. मी रागावणार नाही.