खिशातील चाकू

नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे माझे वास्तव्य फरीदाबादेस आहे. दिल्लीच्या दक्षिणेस असलेल्या या गावाचा नवा भाग १९४९ मध्ये वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी वसविण्यास आरंभ झाला. न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप हे त्याचे नाव. लोक नुसते एन. आय. टी. म्हणतात. तेथील एका बागेत रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण जमतो. बाकावर वर्तमानपत्र पसरले जाते, प्रत्येक जण खिशात हात घालतो आणि आपला चाकू काढून त्या कागदावर ठेवतो.

हे ऐकून श्रोत्यांपैकी कोणी दचकले असेल, तर लगेच सांगतो की सारे चाकू मिटलेले असतात आणि त्यांच्या शेजारी चार पेरू व मिठाची पुडी असते. आमचा छंद संग्रहाचा खरा. पण त्याला एकच अट आहे. जो चाकू आठवडाभर खिशात वागविला, ज्याने काही तरी कापले, तोच कागदावर ठेवायचा. कपाटातील मखमलीवरचा चाकू येथे जमेस धरीत नाहीत.

मंडळी नाना प्रांतांची आहेत. एका अभियंत्याच्या चाकूची मूठ बीच लाकडाची आहे. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये जी घडण सुरू केली, तीच ही. पाते उघडून कडे फिरविले की ते पक्के बसते. हे कडे मात्र १९५५ मधले. दुसरे गृहस्थ मूळचे रामपूरचे. त्यांचा चाकू उघडताना दात्यांचा कर्र-कर्र आवाज होतो आणि बागेत फिरायला आलेली माणसे वळून पाहतात. बिचाऱ्या रामपुरीची कीर्ती हिंदी चित्रपटांनी अशी काही केली, की त्याने कधी काळी आंबाही कापला असेल हे कोणास खरे वाटत नाही. गंमत अशी, की त्याच रामपूर शहरात २०२३ मध्ये वीस फूट लांबीचा चाकू चौकात उभारण्यात आला. खिशात नकोसा झालेला चाकू चौकात मिरवावा, हा आपल्या काळाचा न्याय म्हणावयाचा.

आमच्यातील वडीलधारे म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले एक फोरमन. त्यांचे वडील १९४७ मध्ये बन्नूहून निघाले तेव्हा त्यांच्याजवळ वजिराबादेचा एक चाकू होता. पंजाबातील वजिराबाद हे चाकूसुऱ्यांच्या कारागिरीचे जुने गाव. आज ते पाकिस्तानात आहे. घर गेले, किल्ल्या निरुपयोगी झाल्या, चाकू तेवढा कामाचा राहिला, असे ते सांगतात. छावणीत त्याने दोऱ्या कापल्या, कांदे चिरले, मुलांच्या पेन्सिलींना टोके काढली.

मी सरकारी नोकर असल्याने कायद्याविषयी दोन शब्द बोलणे मला भाग आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली १९६२ मध्ये जे नियम झाले, त्यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते ही मर्यादा धरली गेली आणि घरगुती, शेतकीच्या वा उद्योगाच्या उपयोगाची हत्यारे वगळली गेली. पुढे १९८० मध्ये दिल्लीत निघालेल्या अधिसूचनेने बटणाच्या, गरारीच्या, कमानीच्या चाकूंना ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी असे माप लावले. मी या मापांना हसत नाही. हेतू मोजण्याची पट्टी कोणत्याच कचेरीत नसते, म्हणून कायदा पाते मोजतो. २०१५ मध्ये मेट्रो फरीदाबादेस आली. तिच्या तपासणीत चाकूवरून हुज्जत नको वाटते. तेव्हा कामाच्या दिवशी दिल्लीस जाताना माझा चाकू घरी राहतो, आणि आमच्या अटीप्रमाणे मी अर्धाच सभासद ठरतो.

तो चाकू माझ्या आजोबांचा. मामलेदार कचेरीत ते कारकून होते. त्यांच्या लेखी हा चाकू नव्हताच, ते कलमतराश होते. बोरू तासावा, त्याला तिरपा कत द्यावा, एवढेच त्याचे काम. घरात चिराचिरीला विळी होती आणि तिच्यावर आजीची सत्ता होती. मराठी घरातील चाकू खरा बाहेरच्या जगातला. पात्याच्या बुडाशी तारा आणि क्रूस कोरलेला आहे. शेफील्डच्या रॉजर्स कंपनीचे हे चिन्ह १६८२ मधले. वडिलांनी त्याच पात्याने पेन्सिली तासल्या. मी बारा वर्षांचा झालो तेव्हा त्यांनी तो मला दिला. हातात दिला नाही, मेजावर ठेवला. हातातून हातात पाते दिले तर भांडण होते, ही आमच्याकडील समजूत.

दीडशे वेळा सहाणेवर फिरून ते पाते आता काडीसारखे अरुंद झाले आहे. पत्नी म्हणते, आता जपून ठेवा. अभियंता म्हणतो, नवे पाते बसवून घ्या. पुण्याच्या केळकर संग्रहालयातील अडकित्ते मला आठवतात. मोर, घोडे, नाना आकृती. काचेमागे त्यांचे सौंदर्य अबाधित आहे. पण ज्या चंचीत ते वागत, ज्या बैठकीत ते फिरत, ती त्यांच्याबरोबर आलेली नाही. शिवाय माझी अडचण निराळीच होती. माझा मुलगा चौदा वर्षांचा झाला, तरी मी त्याला चाकू दिला नव्हता. दप्तरात सापडला तर काय, ही धास्ती. वडिलांना अशी धास्ती पडली नव्हती, की पडूनही त्यांनी दिला, हे विचारायला ते आता नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी मुलाला बागेत नेले. फोरमनसाहेबांनी माझा चाकू उचलला, पात्यावरून अंगठा आडवा फिरविला आणि मला म्हणाले, "बेटा, इसे इस्तेमाल करो." मग एक पेरू मुलापुढे सरकविला. त्याला नखाची खाच सापडेना. ती सापडली, पाते उघडले, आणि तो धार स्वतःकडे करून कापू लागला. म्हाताऱ्याने काही न बोलता त्याचे मनगट धरून बाहेर वळविले. पेरूचे पाच तुकडे झाले, पाचही लहानमोठे. सर्वांनी मीठ लावून खाल्ले.

मुलाने पाते रुमालाने पुसले, जपून मिटले आणि चाकू माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला नाही. क्षणभर तो गोंधळला. मग त्याने तो कागदावर, वजिराबादी चाकूच्या शेजारी ठेवला. घरी निघताना मी तो तेथून उचलला नाही.